बोटभर पिल्लाचा पुरुषभर मासा होतो तेव्हा

मे 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवराची साफसफाई चालू असताना मगरीसारख्या लांब जबड्याचा एक मासा सापडला आणि त्याचे फोटो देशभर फिरले. तो अ‍ॅलिगेटर गार होता. त्याचं मूळ घर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. तिथून काश्मीरपर्यंत पोहत येणं शक्य नाही. असा मासा आपल्या देशातल्या तलावात पोचतो तो बहुधा एकाच वाटेनं: शोभेच्या माशांच्या बाजारातून कुणाच्या तरी घरी, आणि टाकी पुरेनाशी झाली की घरातून तलावात.

बातमी काश्मीरची असली तरी तीच पिल्लं आज विदर्भातही येतात. तालुक्याच्या गावात अ‍ॅक्वेरियमचं एखादं दुकान असतंच, आणि दुकानात नसलेला मासा फोनवर मागवला की ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. घेणारी बहुतेक मुलं सतरा-अठरा वर्षांची. त्यांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. शिकारी मासा समोर दबा धरून बसतो, माणूस ओळखतो, खाऊ दिसला की काचेशी येतो. ते पाहत बसण्यात खरंच गंमत आहे, आणि म्हणूनच तो घ्यायच्या आधी चार गोष्टी नीट कळायला हव्यात.

दुकानात काय मिळतं, त्याचं पुढे काय होतं

शिकारी मासा म्हणजे दुसरे मासे, झिंगे, बेडूक असं जिवंत भक्ष्य धरून जगणारा मासा. आपल्याकडची मरळ शिकारीच आहे. दुकानात मात्र बाहेरून आलेल्या जाती असतात. त्यातली लहान आणि भरपूर खपणारी म्हणजे ऑस्कर. मिळते तेव्हा दोन इंचांची असते, पूर्ण वाढली की फूटभर, कधी थोडी जास्त. चंदेरी अरोवाना तीन फुटांच्या आसपास जाते. ॲमेझॉनमधला लाल शेपटीचा कॅटफिश तीन-साडेतीन फुटांचा होतो. अ‍ॅलिगेटर गार सहा-सात फूट तर सहज. 2011 मध्ये अमेरिकेत व्हिक्सबर्गजवळ सापडलेला गार साडेआठ फुटांच्या जरा आत होता आणि त्याचं वजन 148 किलो भरलं. हा मासा पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो.

आणखी एक मासा इथे सांगायलाच हवा, जरी तो खऱ्या अर्थानं शिकारी नाही. लहान टाक्यांत चमकदार, सतत इकडून तिकडे धावणारा जो मासा 'शार्क' म्हणून विकतात, तो शार्कच्या कुळातलाच नाही. तो पंगास. बाजारात काप करून विकला जातो तोच. मेकाँग नदीतला हा मासा चार फुटांपर्यंत वाढतो. दोन फुटी टाकीत चार 'शार्क' पोहत असलेली घरं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी त्या माशांची मला काळजी वाटली आहे.

लांबी दुप्पट, वजन आठपट

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. दोन इंचांचा मासा चार इंचांचा झाला तर आपल्याला तो दुप्पट झाल्यासारखा वाटतो. पण तो लांबीत दुप्पट होतो तेव्हा रुंदीत आणि जाडीतही दुप्पट होतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे वजन आठपट. 5 सेंटिमीटरची ऑस्कर 40 सेंटिमीटरपर्यंत गेली असं धरलं तर लांबी आठपट आणि वजन पाचशेपट. लाल शेपटीचा कॅटफिश 5 सेंटिमीटरवरून मीटरभर झाला तर लांबी वीसपट, वजन आठ हजारपट.

जेवढं वजन, तेवढं खाणं आणि तेवढी घाण. पिल्लाला पुरलेली टाकी मोठ्या माशाला 'जरा तोकडी' पडते असं नाही. हिशोबच वेगळा होतो.

आता जागेचं बघू. माशाला नीट वळता यावं म्हणून टाकीची रुंदी निदान त्याच्या लांबीइतकी आणि लांबी त्याच्या तिप्पट हवी, असा एक अगदी किमान अंदाज धरतात. मीटरभर माशाला तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच पाणी लागेल. ते होतं तीन हजार लिटर, म्हणजे तीन टन वजन, काच आणि स्टँड सोडून. पाणी चांगलं राहावं म्हणून आठवड्याला त्यातलं तिसरा हिस्सा पाणी बदलायचं झालं तर हजार लिटर. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट पाहतात, तिथे एका माशासाठी दर आठवड्याला हजार लिटर पाणी कुठून आणणार? आणि आणलं तरी शेजाऱ्यांसमोर ते ओतवेल का? मला हा प्रश्न पैशाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

पाणी स्वच्छ दिसतं, मग मासा का मरतो?

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो. त्याला रंग नाही, त्यामुळे पाणी काचेसारखं असूनही विषारी असू शकतं. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू हळूहळू वस्तीला येतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच. दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. फिल्टरचं खरं काम कचरा गाळणं कमी आणि या जिवाणूंना घर देणं जास्त. दुधाला विरजण लागतं आणि दही लागायला वेळ द्यावा लागतो, तसंच हे आहे. जुन्या चालू टाकीतल्या फिल्टरचा स्पंजचा तुकडा नव्या टाकीत ठेवला की काम लवकर होतं. कोऱ्या टाकीला महिना-दीड महिना लागतो. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला तर जमलेले जिवाणूच वाहून जातात. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.

आता शिकारी माशाचा हिशोब. त्याचं खाणं प्रथिनांचं, आणि अमोनिया प्रथिनांतूनच येतो. 40 टक्के प्रथिनांचं 20 ग्रॅम खाद्य एका मोठ्या माशानं दिवसाला खाल्लं तर पाऊण ग्रॅमच्या आसपास अमोनिया तयार होतो. चार फुटी नेहमीच्या टाकीत सुमारे 250 लिटर पाणी असतं. म्हणजे एका दिवसात लिटरमागे तीन मिलिग्रॅम. जिवाणूंची वस्ती मोठी आणि जोमात असेल तरच एवढं पचतं.

विदर्भाचं पाणी आणि विदर्भाचा मे महिना

पाण्यातला सगळा अमोनिया सारखा घातक नसतो. त्याचा एक भाग जहाल, उरलेला सौम्य. जहाल भाग किती, हे पाणी किती अल्कधर्मी आणि किती गरम आहे यावर ठरतं. अल्कधर्मी म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचं, ज्याचा पीएच 7 च्या वर असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की जहाल अमोनिया जवळजवळ दहापट होतो. आपल्याकडे बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर खारटही. पीएच 8 आणि पाणी 30 अंशांवर असेल तर अमोनियाचा सात-साडेसात टक्के भाग जहाल असतो. वरच्या उदाहरणातल्या तीन मिलिग्रॅममध्ये तो 0.2 च्या वर गेला. कल्ल्यांना इजा व्हायला 0.05 पुरतो.

उन्हाळ्यात यात भर पडते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीतली टाकी 34-35 अंशांवर येते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 35 अंशांना 7 मिलिग्रॅमच्या आत. त्याच वेळी माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, कारण माशाचं शरीर पाण्याबरोबरच तापतं आणि पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातल्या कामांचा वेग साधारण दुप्पट होतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो.

अशात दुपारी लाईट जाते. मोटर बंद, हवेचे बुडबुडे बंद. गार, मरळ यांसारखे काही मासे वर येऊन थेट हवेतला श्वास घेतात, ते तग धरतात. लाल शेपटीचा कॅटफिश किंवा पीकॉक बास हा दुसरा परदेशी शिकारी मासा, यांना ती सोय नाही. शिवाय बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरून मरतात, आणि लाईट आल्यावर तो फिल्टर मेलेल्या जिवाणूंचं पाणी टाकीत सोडतो. म्हणून मोठ्या माशाच्या घरी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असावाच. टाकी कूलरच्या झोतात ठेवली तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, तेवढाही फरक कामाचा आहे. लाईट गेलेली असताना मात्र खायला अजिबात देऊ नये.

नळाच्या पाण्याबद्दल एवढंच: ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडर टाकते, त्यातलं क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारतं. पाणी दिवसभर उघड्या टाक्यात ठेवा किंवा दुकानातलं अँटीक्लोर वापरा.

"मासा टाकीएवढाच वाढतो ना?"

हे दुकानदार सांगतात, आणि अनेकांचा त्यावर प्रामाणिक विश्वास असतो. अर्धवट खरं असल्यामुळे ते पटतंही. लहान टाकीत मासा खुरटतो, हे खरं. पण तो टाकी मोजून थांबत नाही. घाणेरडं पाणी, हालचालीला जागा नाही, सतत ताण, यामुळे त्याची वाढ मार खाते. पाठीचा कणा वाकतो, डोकं मोठं आणि धड बारीक दिसतं, आणि पंधरा वर्षं जगायचा मासा दोन-तीन वर्षांत जातो. टाकीत 'मावलेला' मासा म्हणजे आजारी मासा.

असा मासा मेला की काही घरांत म्हणतात, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न या शोभेच्या माशांबद्दल हे विशेष ऐकू येतं. ज्याची जी श्रद्धा आहे ती त्यानं जरूर ठेवावी. पण पुढचा मासा आणायच्या आधी पाण्यातला अमोनिया तपासून घ्यावा. त्याचं किट दुकानात मिळतं.

"खायला काय, कोंबडीचे तुकडे टाकू"

कोंबडी-बकऱ्याची चरबी माशाला नीट पचत नाही आणि वर्षानुवर्षं तेच दिलं तर यकृत बिघडतं. जिवंत गोल्डफिश टाकण्याची पद्धत त्याहून वाईट. गोल्डफिशमध्ये ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि स्वस्तातले मासे रोगही आणतात. पिल्लू लहान असतानाच गोळी खाद्याची सवय लावावी. सोबत झिंगे, गांडुळं द्यावीत. शेतातले टोळ-नाकतोडे मासे आवडीनं खातात, पण कपाशी-सोयाबीनवर फवारणी झालेल्या धुऱ्यावरचे चुकूनही देऊ नका.

"मोठा झाला की शेततळ्यात टाकू"

हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळतं. गावात शेततळं आहे, पाणी आहे, मग अडचण काय? अडचण पावसाळ्याची आहे. शेततळं भरून वाहतं, पाणी नाल्यात जातं, नाला बोडीत, बोडी तलावात, तलावाचा सांडवा नदीत. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या लोकांना आठवत असेल. अशा पुरात कुणाचं तळं कुठलं, हे पाण्याला ठाऊक नसतं. शेततळ्यात सोडलेला मासा आज ना उद्या बाहेर पडेल असंच धरून चालायला हवं.

"एका माशानं तलावाचं काय बिघडणार?"

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी, म्हणजे एकेकाळी इथल्या जमीनदारांच्या ताब्यातले, तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानाच्या शेतीसाठी ते बांधले. एका तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात उतरावं, अशी त्यांची रचना. मालगुजारी गेली तशी त्यांची मालकी सरकारकडे गेली. आज त्यांतली मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्था करतात. संस्था तलाव ठेक्यानं घेते, पैसे भरते, रोहू-कतला-मृगळची बोटुकली (बोटभर पिल्लं) विकत आणून सोडते आणि वर्षभर राखण करते. त्या बोटुकलीवर कितीतरी घरांची चूल चालते.

अशा तलावात एक गार किंवा एक लाल शेपटीचा कॅटफिश गेला तर तो एकटा तलाव संपवणार नाही. एकटा मासा पिल्लंही घालणार नाही. एवढं बरोबर आहे. पण सोडणारा आपण एकटेच आहोत, असं प्रत्येकाला वाटत असतं. आणि पहिल्या दिवसापासून तो खाणार आहे संस्थेनं पैसे मोजून सोडलेली बोटुकली. तिचा खर्च सोडणाऱ्यानं केलेला नसतो, आणि जाळं हलकं येतं तेव्हा ते का आलं हेही ढिवराला कळत नाही. सोबत आलेले परजीवी आणि रोग तर दिसतही नाहीत. गारची अंडी विषारी असतात, तो मासा बाजारात नेऊन विकणंही धोक्याचं.

दोन मासे काय करू शकतात, याचं उदाहरण अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावात आहे. 2002 मध्ये तिथल्या एका लहान तलावात अनोळखी मासा सापडला. चौकशीत कळलं की कुणीतरी खाण्यासाठी जिवंत आणलेले दोन मासे तिथे सोडले होते. सरकारनं तलावात विष टाकलं तेव्हा हजारावर पिल्लं निघाली. दोन वर्षांनी तीच जात जवळच्या पोटोमॅक नदीत सापडली. ते मासे क्रॉफ्टनच्या तलावातले नव्हते, म्हणजे आणखी कुणीतरी वेगळे सोडले होते. आज ती जात त्या नदीत कायमची वसली आहे. आणि ती जात म्हणजे आपल्या मरळीची चीनकडची बहीण.

मग मरळ आपल्या तलावांत कशी चालते? ती इथलीच आहे. तिच्यासोबत वाढलेल्या लहान मासोळ्या तिला ओळखतात, कुठे लपायचं ते जाणतात. तिची पिल्लं खाणारेही इथे आहेत. बाहेरच्या शिकाऱ्याबद्दल यातलं काहीच घडलेलं नसतं. थाई मांगूर नावानं विकला जाणारा आफ्रिकी मासा हे आपल्या समोरचंच उदाहरण. केंद्रानं 2000 मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो आजही चोरून पोसला जातो. हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो, आणि दिसेल ते खातो.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारातल्या जाती त्यामुळे आपल्या कायद्यात आल्या. आशियाई अरोवाना आणि ॲमेझॉनचा अरापायमा त्यात आहेत. असा मासा बाळगणाऱ्याला सरकारी परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बाहेरून आलेल्या घातक जातींची आयात, विक्री आणि बाळगणं यांवर नियम करण्याचा अधिकारही याच दुरुस्तीनं केंद्राला दिला आहे. म्हणून मासा घेताना जातीचं नेमकं नाव लिहिलेलं बिल मागा. बिल द्यायला दुकानदार कचरत असेल तर मासा घेऊ नका.

घरात आधीच असेल तर

आधी दुकानदाराला विचारा, बरेच जण मोठा मासा परत घेतात. नाही तर नागपूर-अमरावतीकडे मोठ्या टाक्या ठेवणारे हौशी लोक आहेत, त्यांच्यापर्यंत पोचा. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे सल्ला विचारता येईल. तोवर खाणं कमी करा. मोठ्या शिकारी माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, आणि पाणी त्या मानानं चांगलं राहतं. काढलेलं पाणी परसबागेतल्या वांग्या-मिरच्यांना द्या, नायट्रेट हे झाडांचं खतच आहे. टाकीत मीठ किंवा औषध टाकलं असेल तेव्हा मात्र नको.

काहीच मार्ग निघाला नाही तर पशुवैद्यकाकडून माशाला भूल देऊन शांतपणे मारणं, हे त्याला तलावात सोडण्यापेक्षा योग्य आहे. लिहायला जड जातं, पण मला तेच खरं वाटतं. लवंग तेलाची भूल घरी देतात असं ऐकायला मिळेल. गारसारख्या हवेत श्वास घेणाऱ्या माशावर ती नीट लागू पडत नाही आणि त्याचे हाल होतात, म्हणून जाणकार माणूसच हवा. मेलेला मासा नाल्यात न टाकता खड्ड्यात पुरा.

शिकारी मासाच पाळायचा असेल तर

आपल्या ओढ्या-नाल्यांत मरळीच्या कुळातला एक लहान मासा राहतो. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी त्याला डोक म्हणतात. तो वीतभर, फार तर वीस सेंटिमीटरचा होतो. शेपटीला आणि परांना नारिंगी कड, अंगावर निळसर झाक, आणि स्वभाव अस्सल शिकाऱ्याचा. वर येऊन हवा घेतो, त्यामुळे लाईट गेली तरी लगेच घाबरंघुबरं व्हावं लागत नाही. आपल्या पाण्याची आणि उन्हाळ्याची त्याला सवय आहे. त्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो आणि पिल्लं बाहेर पडल्यावरही त्यांची राखण करतो. मिसिसिपीच्या माशासाठी पैसे मोजणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

त्याला तीन फुटी टाकी, लपायला मडक्याचे तुकडे आणि थोडी पाणवनस्पती पुरे. दुसरे मासे सोबत ठेवू नका. तो उडी फार मारतो, तेव्हा झाकण पक्कं हवं, वायरींसाठी ठेवलेली भोकंही बुजवा. झाकण आणि पाणी यांच्यात चार बोटं हवा मोकळी ठेवा, कारण वर येऊन श्वास घेता आला नाही तर तो पाण्यातच गुदमरतो. गावातल्या ढिवराच्या जाळ्यात तो कधीमधी येतो, त्यांच्याकडून मागून घ्या. पिल्लं झाली तर ओळखीच्यांना टाकीसाठी द्या. टाकीत राहिलेला मासा, इथलाच असला तरी, परत ओढ्यात सोडू नका, कारण टाकीतला रोग त्याच्यासोबत ओढ्यात जातो.